चौसष्ट टाके

मलकापूर
रविवार, १८ नोव्हेंबर १९३४

चि. मेहबूब अब्दुल गनी यास,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर हे पत्र तू न फोडताच टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता पुष्पाकडून लिहून घेतला. पुष्पा म्हणजे माझी मुलगी. तू शाळेत आलास तेव्हा ती बाराखडीत अडखळत होती, आता इंग्रजीत अडखळते. लबाडी झाली, कबूल आहे. पण फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू अकोल्याला एका कापसाच्या जिनात वजनं टिपून घ्यायच्या कामाला लागलास हेही मला तुझ्या वडिलांकडूनच कळलं, तेही मी विचारलं म्हणून नव्हे, ते दुसऱ्या कोणाला सांगत होते आणि माझ्या कानावर पडलं. मग आजच का लिहितो, तर परवा आमच्या गाद्या पिंजायला काढल्या.

दिवाळी उलटली, नवा कापूस घरात आला की आमच्याकडे हा कार्यक्रम असतो, तुला ठाऊक आहे. तुझे वडील अंगणात पिंजण टांगतात, तुझी आई खोळी उसवते, आणि कापूस पिंजून भरून झाला की दाभणाने टाके घालते. तीन दिवस घरात कोणाचं बोलणं कोणाला धड ऐकू जात नाही आणि सगळ्यांच्या मिशांवर कापूस असतो. परवाच्या दिवशी सकाळी पुष्पा ओसरीवर बसून माझी क्रियापदं पाठ करत होती. कोणत्या क्रियापदामागून 'टू' येतं आणि कोणत्यामागून 'आयएनजी', हा माझा आवडता धडा. वॉन्ट टू गो, पण एन्जॉय गोइंग. असं का, ते साहेबालाही सांगता येत नाही, पाठच करावं लागतं. मी आत दाढी करत होतो. पुष्पा म्हणाली, "आय एन्जॉय टू सिंग." मी ओरडणार, तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"बाई, एन्जॉयले टू नाही लागत. ते आयएनजीवालं हाय. सिंगिंग म्हन."

मी अर्ध्या गालाला साबण घेऊन बाहेर आलो. तुझ्या वडिलांनी पिंजण थांबवलं होतं. ते तुझ्या आईकडे बघत होते, आणि ती खाली मान घालून टाके घालत होती. मी विचारलं, "अमीरबी, तुम्ही बोललात?" तिने दोरा ओढून घेतला. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "रिफ्यूज?"

तिचा हात थांबला. मग हळूच म्हणाली, "टू."

"फिनिश?"

"आयएनजी."

मी तीस क्रियापदं विचारली. एक चुकलं नाही. मध्ये एकदा मी मुद्दाम घोळात घ्यायला 'प्रॉमिस'ला आयएनजी लावून पाहिलं, तर तिने दाभण खाली ठेवून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच ओशाळलो. सतरा वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. मॅट्रिकच्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याने मला अशी उत्तरं दिली नाहीत. एकानेच दिली होती, कागदावर. त्याने ती माझ्या पेटीतल्या यादीवरून उतरवली असा माझा समज झाला आणि त्या गैरसमजातून तू शाळा सोडलीस.

हे लिहायला बसलो त्याचं कारण एवढंच. बोर्डाचे फॉर्म आले आहेत. बाहेरून बसणाऱ्यांचे फॉर्म एकतीस जानेवारीपर्यंत पोचले पाहिजेत आणि त्यावर शेवटच्या शाळेने वर्तणुकीबद्दल चांगलं लिहून द्यावं लागतं. तुझ्या दाखल्यावर जो शेरा आहे, त्याचं काय करता येईल ते पाहतो. तुझा विचार कळव.

वा. गो. खेर्डेकर
सहायक शिक्षक


मलकापूर
२ डिसेंबर १९३४

चि. मेहबूबला आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. बरोबर आहे. मागचं पत्र मी पुन्हा मनात वाचून पाहिलं. 'तू शाळा सोडलीस' असं मी त्यात लिहिलं आहे. तू सोडली नाहीस, मी तुला काढायला लावलं.

आता नीट लिहितो. कपाटात तुझा डिसेंबर बत्तीसचा पेपर होता, तो काढला. प्रश्न असा होता की टूवाली आणि आयएनजीवाली जेवढी येतील तेवढी क्रियापदं लिहा. वर्गात मी तोवर वीस शिकवली होती. बाकीच्यांनी दहा-पंधरा लिहिली. तू चौसष्ट लिहिलीस, आणि थेट माझ्या क्रमाने. वॉन्ट, एन्जॉय, रिफ्यूज, फिनिश, होप, अव्हॉइड, प्रॉमिस. हा क्रम जगात कुठल्या पुस्तकात नाही. स्टेशनमास्तरांकडची शिळी इंग्रजी वर्तमानपत्रं मागून आणून, सतरा वर्षांत जसजशी सापडली तसतशी मी ती टिपली. पुढेमागे पुस्तक काढावं असं मनात होतं, म्हणून यादी पेटीत कुलपात असायची. त्यात त्या वर्षी गाद्या काढताना खोलीतली पेटी दिवसभर ओसरीवर उघडी राहिली होती असं घरातून कळलं. माझं डोकं फिरायला तेवढं पुरे झालं.

शनिवारच्या प्रार्थनेनंतर मी तुला पायरीवर बोलावलं. सगळी शाळा रांगेत उभी होती. मी विचारलं, ही क्रियापदं कुठून आणलीस. तू म्हणालास, "म्या चोरली नाही, सर." मी म्हटलं, मग कुठून आणली. तू गप्प राहिलास. मी तीनदा विचारलं आणि तू तीनदा गप्प राहिलास, आणि मग मी तुला चोर म्हटलं. आवाज माझा मोठा आहे. रस्त्यापलीकडच्या दुकानदारांनीही ऐकलं.

काल तो पेपर पाहताना प्रथमच दिसलं की चौसष्टाव्या 'पोस्टपोन'नंतर पान कोरं आहे. माझी यादी एकशे बाराची. पेटीतून यादी उचलणारा पासष्टाव्याला का थांबेल? कागद माझ्या हातात होता, चष्मा डोळ्यांवर होता, पण मी फक्त क्रम पाहिला. वर्गात मी पोरांना सांगतो, वाक्य शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चूक काढू नका.

दुपारी तुमच्या घरी गेलो. तुझ्या आईने आधी बसायला चटई टाकली आणि मग दाराच्या आड उभी राहिली. मी म्हटलं, अमीरबी, मला फक्त एवढं सांगा, तुम्ही हे कुठे शिकलात.

"तुमच्याच तोंडून," ती म्हणाली. "तुमी सकायी सकायी अंगनात येरझारा घालत मोठ्यानं म्हनत होते ना. म्या टाके घालत होती. म्हटलं, आपल्या पोराच्या कामाचं हाय, नेऊन द्यावं. तीन दिवसांत चौसष्ट झाले. मंग गाद्या सरल्या."

मला तेव्हा कळलं की यादीचा चोर मीच आहे. शिकवण्याआधी ती रोज घोळवायची माझी सवय, आणि घोळवायची तर मोठ्याने. तुझ्या आईपासून आठ पावलांवर मी तीन सकाळी फिरत होतो. तिला कान असतील हे माझ्या मनातच आलं नाही.

लक्षात कसं ठेवलंत, असं विचारलं तेव्हा तिने आतून एक कापडाची पट्टी आणून दाखवली. गादीच्या खोळीतून उरलेली, बोटभर रुंद. तिच्यावर लाल दोऱ्याचे चौसष्ट टाके आहेत. टू असेल तिथे सरळ टाका, आयएनजी असेल तिथे गाठ. नावं कानाने धरली आणि बाजू दोऱ्याने. घरी येऊन तुला पट्टीवरून बोट फिरवत म्हणून दाखवली, आणि तू ती लिहून घेतलीस. मेहबूब, मी सतरा वर्षं तक्ते केले, रंगीत खडू वापरले, छड्या मोडल्या. या पट्टीपुढे मला माझी सगळी शिकवणी कच्ची वाटली. मी ती हातात घेऊन बसून राहिलो आणि चहा निवला.

मग विचारलं, मेहबूबला चोर म्हटलं त्या दिवशी हे का सांगितलं नाहीत. तुझे वडील बाजूला पिंजणाची तांत ओढून बघत होते, तेच बोलले. "मास्तर, पिंजारी घराघरात जाते. गादीतून काय निंगते, कोनाच्या घरी काय बोलनं होते, ते तिथंच ठेवा लागते. बाहीर नेलं म्हटल्यावर कोन अंगनात घेईन आमाले?"

हे मलाही ठाऊक असायला हवं होतं. आमच्याच जुन्या गादीतून तुझ्या आईने माझ्या आईची हरवलेली बुगडी काढली होती आणि एक शब्द न बोलता घरातल्यांच्या हातात ठेवली होती. तिने आयुष्यात एकदाच दुसऱ्याच्या अंगणातलं काही घरी नेलं, ते तुझ्यासाठी. आणि तिचा तो एवढासा नियमभंग उघडा पडू नये म्हणून तू सतरा वर्षांचा मुलगा पायरीवर तीन वेळा गप्प उभा राहिलास. मी तुझ्या जागी असतो तर पहिल्याच फटक्याला आईचं नाव सांगून मोकळा झालो असतो.

आमचे हेडमास्तर भगवानराव यांना मी लेखी दिलं आहे की यादी तू चोरली नाहीस. ते शेरा काढून टाकायला तयार आहेत. कोणाला कळायचं कारण नाही, नवा दाखला पोस्टाने येईल. फॉर्मवरही ते लिहून देतील. तेव्हा अभ्यासाला लाग.

तुझा,
वा. गो. खेर्डेकर


मलकापूर
२३ डिसेंबर १९३४

मेहबूब,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या लांबलचक दोन पत्रांना एका ओळीचं उत्तर. "सर, जिथं म्हटलं तिथंच म्हणा, त्याशिवाय फॉर्म भरणार नाही." खाली सही. नमस्कारसुद्धा नाही.

मला राग आला, लपवत नाही. दाखला बदलला, हेडमास्तरांपुढे मान खाली घातली, तुझ्या दारात चटईवर जाऊन बसलो. मलकापुरात कुठला मास्तर पिंजाऱ्यांच्या गल्लीत जाऊन बसला आहे ते सांग. आणि तुझी अट काय, तर रांगेत उभ्या असलेल्या चारशे पोरांसमोर मी म्हणायचं की मी चुकलो. उद्या ती पोरं माझं ऐकतील? त्यातली निम्मी तर तुझ्या वेळी शाळेत नव्हती. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना मुद्दाम सांगत सुटण्यात काय अर्थ आहे? दाखला हवा होता, दाखला मिळाला. परीक्षा कागदावर होते, पायरीवर नाही.

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. मग तुझं कार्ड पुन्हा पाहिलं आणि 'सर' या शब्दापाशी थांबलो. तो लिहायची तुला काही गरज नव्हती.

तू माझ्या वर्गात पहिल्यांदा हात वर केलास तो दिवस आठवतो. मी 'स्टॉप' शिकवत होतो. त्यामागून दोन्ही येतात असं सांगून पुढे निघालो होतो, तर तू विचारलंस, "सर, मंग बैल पानी प्यायले थांबला का पानी प्यायचा थांबला, हे कसं कळन?" वर्ग हसला. मी फळ्याकडे वळलो, कारण मला स्वतःला हा फरक इतका साध्या शब्दांत कधी सुचला नव्हता. तोंडावर काय दिसलं असतं देव जाणे. ते उदाहरण तेव्हापासून मी दर वर्षी माझं म्हणून सांगतो. हेही आज सांगून टाकतो.

आता जे पहिल्या दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहितो. विसरलो म्हणून राहिलं नाही. भगवानराव एप्रिलमध्ये निवृत्त होतात. हेडमास्तर कोणाला करायचं हे शाळेची समिती फेब्रुवारीत ठरवणार आहे आणि माझं नाव वर आहे. दाखला गुपचूप बदलला तर कोणी काही विचारणार नाही. पायरीवर उभं राहून बोललो तर समितीतले लोक म्हणणार, या माणसाने निरपराध मुलाला काढलं, याच्या हाती शाळा कशी द्यायची. बरोबरच म्हणणार. सतरा वर्षं मी त्या खुर्चीकडे बघत आलो आहे.

काय करावं ते सुचत नाही. विचार करतो.

वा. गो. खेर्डेकर


मलकापूर
१० जानेवारी १९३५

चि. मेहबूब,

ईदला तू तीन दिवस इथे होतास. शीरखुर्मा तुझ्या आईने आमच्याकडे पाठवला, मोठं भांडं भरून. आमच्या घरी त्यावरून आधी जरा कुजबुज झाली, मग पुष्पाने वाटी भरून घेतली आणि कुजबुज थांबली.

तू मला भेटायला येशील अशी आशा नव्हती, तरी दोन दिवस मी सदरा धुतलेला घालून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी उगाच तुमच्या गल्लीवरून गेलो. तू उंबऱ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसला होतास, काहीतरी एकेक शब्द सांगत होतास, आणि तुझी आई शेजारी बसून शिवत होती. माझ्याबद्दल बोलत असाल असं वाटलं आणि मी मान वळवून पुढे गेलो. तुझ्या ओठांवर आता मिसरूड आहे.

पुष्पा हल्ली क्रियापदं माझ्याकडे विचारत नाही. शाळेतून येताना तुमच्या घरी थांबते आणि तुझ्या आईकडून ऐकून येते. म्हणते, तुम्ही चुकलं की ओरडता, अमीरबी पुन्हा म्हणते.

काल जेवताना मी घरात समितीची गोष्ट काढली. म्हटलं, पायरीवर बोलायचं म्हणजे माझा आवाज फुटणार नाही. पुष्पाच्या आईला जास्त बोलायची सवय नाही. वाढता वाढता एवढंच म्हणाली, "चोर म्हनताना तं चांगला फुटला होता."

त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

मेहबूब, मी भित्रा माणूस आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. आवाज मोठा असला की माणसाला आपण धीट आहोत असं वाटत राहतं. तू तेव्हा सतरा वर्षांचा होतास, तुझ्याजवळ एक नाव होतं, ते उच्चारलं असतंस तर सुटला असतास, आणि तू ते उच्चारलं नाहीस. मला दोन वाक्यं उच्चारायची आहेत तर मी पत्रांवर पत्रं लिहितो आहे. तुझ्याबद्दल मला जे वाटतं त्याला आदर हाच शब्द आहे. विद्यार्थ्याबद्दल हा शब्द वापरायची मला सवय नाही.

येत्या शनिवारी संक्रांत तोंडावर असल्याने शाळा पूर्ण भरेल असं नाही, म्हणून त्यापुढचा शनिवार, एकोणीस तारीख धरली आहे. तुझ्या आईवडिलांना निरोप दिला आहे. तू आलास तर मला धीर येईल, पण ये असं म्हणायचा मला हक्क नाही.

वामनराव


मलकापूर
रविवार, २० जानेवारी १९३५

प्रिय मेहबूब,

तू आला नाहीस. जिनाचा हंगाम आहे, सुट्टी मिळाली नसेल. त्यामुळे काल काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

प्रार्थना झाली. आमचा चपराशी कडूबा तुझ्या आईवडिलांना फाटकातून आत घेऊन आला. तुझ्या वडिलांनी नवी टोपी घातली होती. कडूबाने खुर्ची आणली, पण तुझी आई बसली नाही. भगवानराव हातातलं घड्याळ उघडून बघत होते, वर बघत नव्हते.

मी त्याच पायरीवर उभा राहिलो. म्हटलं, "डिसेंबर बत्तीसमध्ये मी इथून मेहबूब अब्दुल गनी या विद्यार्थ्याला चोर म्हटलं होतं. त्याने काही चोरलं नव्हतं. त्याला जे येत होतं ते त्याच्या आईने कानाने शिकून त्याला शिकवलं होतं. चूक माझी होती. त्याची मी तुमच्यासमोर माफी मागतो." आवाज फुटला. रस्त्यापलीकडचे दुकानदार ऐकत होते की नाही ते पाहायला मी मुद्दाम मान वर केली. ऐकत होते.

मागच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, "अन् त्या बाईले येते का बे खरंच?" तेव्हा मी तुझ्या आईकडे पाहिलं. म्हटलं, अमीरबी, तुमची इच्छा असेल तर.

तिने ओढणी सारखी केली आणि कमरेची लाल टाक्यांची पट्टी काढली. डोळे मिटले आणि बोट फिरवत सुरू केलं. वॉन्ट, टू. एन्जॉय, आयएनजी. रिफ्यूज, टू. घाई नाही, अडखळणं नाही, जशी सुई चालते तसं. मी हातात माझी यादी धरली होती आणि तिच्याबरोबर ओळ ओळ खाली येत होतो. चौसष्टाव्या 'पोस्टपोन'ला तिचं बोट पट्टीच्या टोकाला पोचलं. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की इथून पुढे मी सांगायचं आणि तिने मागून म्हणायचं, म्हणजे त्या गाद्यांमुळे राहिलेली यादी पुरी होईल. मी पासष्टावं सांगायला तोंड उघडलं.

तिने दुसरी पट्टी काढली. हिरव्या दोऱ्याची.

मला ईदचा तो उंबरा आठवला, तुझ्या हातातलं वर्तमानपत्र, तिची सुई. मी तेव्हा केवढा मूर्ख होतो ते तिथेच कळलं. तू जिनात वजनं टिपता टिपता दोन वर्षं तेच करत होतास जे मी सतरा वर्षं केलं, आणि उरलेलं सगळं एकट्याने शोधून काढलंस.

क्रम आता माझा नव्हता, तुझा होता. मी पेन्सिल घेऊन माझ्या यादीवर खुणा करत सुटलो. मध्ये 'नीड' आलं. तुझी आई म्हणाली, "टू बी, आयएनजी बी." मला राहवलं नाही. म्हटलं, "नाही हो, नीडला फक्त टू." तिने डोळे उघडले, पट्टी जवळ धरून पाहिली आणि म्हणाली, "टाका बी हाय, गाठ बी हाय. पोरानं दोन्ही सांगितले." चारशे पोरं हसली, मीही हसलो, आणि ती पुढे म्हणत राहिली.

माझी एकशे बारा संपली. सगळ्यांवर खुणा झाल्या. मी यादीची घडी घातली, कारण मला वाटलं झालं. ती थांबली नाही. तिने म्हटलं, "आफोर्ड, टू." ते माझ्याकडे नव्हतं. मग "रिझेंट, आयएनजी." तेही नव्हतं. मेहबूब, एक नाही, नऊ. मी यादी खिशात कोंबली, सूचनांच्या काळ्या फळ्याकडे गेलो, खडू उचलला आणि लिहायला लागलो. माझी पाठ शाळेकडे होती, ते बरंच झालं, कारण चष्मा पुसावा लागत होता. मागून तुझी आई म्हणाली, "मास्तर, घाई होऊन राह्यली का? सावकाश म्हनू?"

मी म्हटलं, "हाव, अमीरबी. सावकाश म्हना."

नववं लिहून झालं तेव्हा तुझे वडील पुढे आले. खिशातून त्यांनी चौपदरी केलेला तुझा फॉर्म काढला, भरलेला, फक्त शाळेची जागा रिकामी. तो कधीपासून भरून ठेवला होतास ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुझी आई म्हणाली, "आता सही करा." वर्तणुकीच्या जागी मी 'उत्कृष्ट' असं लिहिलं. भगवानरावांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली शिक्का मारला. फॉर्म आज मी स्वतः स्टेशनवर जाऊन रजिस्टर टपालात टाकला. पावती सोबत पाठवतो आहे, जपून ठेव.

समितीतल्या दोघांचा संध्याकाळी निरोप आला की फेब्रुवारीत माझ्या नावाचा विचार होणार नाही. मी निरोप्याला चहा दिला. वाईट वाटलं, वाटलं नाही म्हणणार नाही. पण रात्री गादीवर पाठ टेकताच झोप लागली. टाके चांगले घातले आहेत तुझ्या आईने.

पुस्तक आता मी काढणार नाही. काढायचं तर तू काढ, माझे एकशे बारा तुझ्याकडे आहेतच. काल फळ्यावर लिहिलेली नऊ आज सकाळी तशीच होती. कडूबाला सांगितलं आहे, पुसायची नाहीत.

फक्त त्या 'नीड'ची गोष्ट राहिली. मी दुपारभर जुनी वर्तमानपत्रं उलटीपालटी केली आणि एके ठिकाणी सुरीला धार लावायची गरज आहे, अशा अर्थाचं एक वाक्य सापडलं, आयएनजी लावलेलं. बहुधा तूच बरोबर आहेस. तरी माझी पुरती खात्री झालेली नाही. परीक्षा झाली की घरी ये, ओसरीवर बसून ठरवू.

तुझा,
वामनराव मास्तर